श्रवणबेळगोळच्या वाटेवर : भंगारातून उडालेली विमाने

नांदेड आणि लातूर भागातील जैन कुटुंबांच्या यात्रेत श्रवणबेळगोळचे स्थान फार वरचे आहे. नांदेडहून बंगळूरकडे जाणारी रेल्वेगाडी परभणी, परळी, लातूर रोड, उदगीर, भालकी, बीदर असा मराठवाड्याचा आणि त्याच्या सीमेवरचा सारा व्यापारी टापू ओलांडून दक्षिणेकडे उतरते. नांदेडकर हजूर साहिब स्थानकावर बसतात, लातूरकर लातूर रोडला येऊन मिळतात. सूर्यास्तापूर्वी डबे उघडले जातात, दशम्या आणि कोरड्या चटण्या हातोहात फिरतात आणि कोणीतरी भक्तामर स्तोत्र म्हणावयास आरंभ करतो. बंगळूर आले की मंडळी घाईने उतरून हासनच्या मार्गाला लागतात. पुढचे अंतर सुमारे १४५ किलोमीटर. त्यामुळे बहुतेकांच्या लेखी बंगळूर म्हणजे वाहन बदलण्याचे एक ठाणे, एवढेच.

या शहरात अर्धा दिवस थांबावे असे एक स्थळ आहे. जुन्या विमानतळाच्या रस्त्यावर हिंदुस्थान एरोनॉटिक्स या सरकारी कंपनीचे वारसा संग्रहालय २००१ साली उघडण्यात आले. तेथे मांडलेल्या विमानांमागे सोलापूरच्या एका जैन व्यापाऱ्याचे स्वप्न आहे. त्याच कारखान्यात १९४८ साली मोडून टाकलेली परकीय बॉम्बफेकी विमाने पुन्हा उडण्याजोगी करून भारतीय वायुदलाच्या हवाली करण्यात आली. मंदिराच्या जीर्णोद्धाराचे महत्त्व जाणणाऱ्या समाजाला ही हकीकत ठाऊक असावयास हवी.

वाटेतले बीदर या कथेची प्रस्तावना आहे. येथे वायुदलाचे मोठे प्रशिक्षण केंद्र आहे आणि सूर्यकिरण या प्रसिद्ध कसरतपथकाचे घरही. १९९६ साली हे पथक उभे राहिले, तेव्हा त्याच्याजवळ किरण जातीची विमाने होती. आता ते हॉक विमाने वापरते. किरण विमान बंगळूरच्या याच कारखान्याने घडवले आणि हॉक परवान्याखाली तेथेच बांधले गेले. उदगीर किंवा भालकीच्या शिवारात काम करणारा शेतकरी आकाशातून जाणाऱ्या विमानाकडे मान वर करून पाहतो, तेव्हा त्याच्या नजरेस पुष्कळदा या कारखान्याचाच माल पडत असतो.

बीदरच्या धावपट्टीची एक जुनी आठवण मात्र कडू आहे. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन होण्यास तयार नव्हते. सिडने कॉटन नावाचा एक ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून शस्त्रे भरून आणी आणि बीदर, वरंगळ येथील तळांवर उतरवी. त्याची लँकास्ट्रियन विमाने म्हणजे महायुद्धातील लँकास्टर बॉम्बफेकी विमानाचा मालवाहू अवतार. रझाकारांच्या भयाने त्या काळी मराठवाड्यातील कित्येक व्यापारी कुटुंबे दुकानांना कुलपे लावून बार्शी, सोलापूर अशा सरहद्दीपलीकडच्या गावी गेली. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याची कारवाई सुरू झाली आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. नांदेड-लातूरची माणसे तो दिवस मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतात.

त्याच वर्षी बंगळूरला कारागीर मोडक्या विमानांवर हातोड्या चालवीत होते. त्या विमानांचे नाव लिबरेटर, म्हणजे मुक्तिदाता. दोन्ही घटनांचा परस्परांशी थेट संबंध नाही. परंतु नव्या देशाची निकड केवढी होती, हे दोन्ही घटनांतून सारखेच दिसते. काश्मीरमध्ये युद्ध चालू होते, हैदराबादचा प्रश्न उभा होता, आणि वायुदलाजवळ लांब पल्ल्याचे एकही अवजड बॉम्बफेकी विमान नव्हते. परदेशातून नवी विमाने विकत घ्यावीत, तर तिजोरी लहान होती.

हा कारखाना बंगळुरात आला कसा, हे येथे सांगितले पाहिजे. वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूरच्या दिगंबर जैन कुटुंबात झाला. घरचा धंदा कापसाचा आणि सावकारीचा. वालचंदांनी मात्र रेल्वेची बांधकामे, जहाजे, साखर आणि मोटारी असे एकेक नवे क्षेत्र पादाक्रांत केले. १९३९ साली अमेरिकेहून परतताना विमानप्रवासात त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकी व्यावसायिकाशी पडली. पॉली चीनमध्ये विमाने बांधण्याचा उद्योग चालवीत होता. चीनमध्ये जे होते ते हिंदुस्थानात का होऊ नये, हा प्रश्न वालचंदांच्या मनाने घेतला. म्हैसूर संस्थानाने जमीन आणि भांडवलाचा वाटा देऊ केला. दिवाण सर मिर्झा इस्माईल पाठीशी उभे राहिले आणि २३ डिसेंबर १९४० रोजी हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी बंगळूरला नोंदली गेली. पुढच्याच वर्षी हिंदुस्थान सरकार २५ लाख रुपये घालून तिसरे भागीदार झाले.

पण १९४२ च्या आरंभी जपानी फौजा ब्रह्मदेशात शिरल्या. युद्धाच्या गरजेपोटी सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेऊन कारखाना स्वतःच्या ताब्यात घेतला. मोबदला मिळाला, तरी ज्याने रोप लावले त्याच्या हाती झाड राहिले नाही. व्यापारी माणसाला या गोष्टीची बोच समजू शकते. वालचंद तेथेच खंतावत बसले नाहीत. विशाखापट्टणमची जहाजबांधणी आणि मुंबईचा मोटार कारखाना यांत त्यांनी स्वतःला गुंतवून घेतले. १९५३ साली त्यांचे निधन झाले. आज त्यांचे नाव वालचंदनगरला आणि सांगली, सोलापूरच्या महाविद्यालयांना आहे. बंगळूरच्या विमानांकडे पाहताना मात्र त्यांची आठवण सहसा कोणाला होत नाही.

१९४३ साली हा कारखाना अमेरिकी वायुदलाकडे सोपवण्यात आला आणि युद्धात थकलेली विमाने दुरुस्त करण्याचे मोठे आगर झाला. कॅटालिना या जलविमानांची संपूर्ण उलगड आणि जुळणी येथे होई. युद्ध संपल्यावर कारखाना परत मिळाला, तेव्हा नवी विमाने बांधण्याच्या मागण्या नव्हत्या. पण शेकडो हातांना विमान खोलण्याची आणि पुन्हा जोडण्याची सवय लागली होती. पोट भरण्यासाठी युद्धातून उरलेली डाकोटा विमाने प्रवासी कंपन्यांसाठी नीट करून देणे आणि रेल्वेचे डबे बांधणे अशी कामे घेण्यात आली. लातूरजवळ हरंगुळ येथे उभ्या राहिलेल्या रेल्वेडब्यांच्या कारखान्याकडे पाहून ज्यांना अभिमान वाटतो, त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की विमानांच्या या कारखान्यानेही आपले पडते दिवस रेल्वेचे डबे बांधून निभावले होते.

आता कानपूरकडे वळू. युद्धात अमेरिकेने ब्रिटनला जे साहित्य दिले, ते विकत दिलेले नव्हते, उसनवार दिलेले होते. युद्ध संपल्यावर असा माल परत करावा, त्याचे पैसे भरावेत किंवा तो निकामी करावा, असा तो व्यवहार होता. ब्रिटनजवळ पैसे नव्हते आणि अमेरिकेला हजारो जुनी विमाने माघारी नेण्यात रस नव्हता. उरला तिसरा मार्ग. ब्रिटिश वायुदलाची लिबरेटर विमाने कानपूरजवळच्या चकेरी तळावर गोळा करण्यात आली आणि ती पुन्हा कोणाच्या उपयोगी पडू नयेत अशी व्यवस्था झाली. इंजिनांत वाळू ओतली गेली, अंगाच्या पत्र्याला भोके पाडली गेली आणि चालककक्षातील उपकरणे फोडली गेली. ऊन-पाऊस खात ती रांगेने पडून राहिली. हिशेबाच्या वहीत त्यांची किंमत शून्य झाली.

वहीतली किंमत आणि वस्तूतले मोल यांत अंतर असते, हे अडत व्यापाऱ्याइतके कोणास कळणार? लातूरच्या गंजगोलाईत भिजलेल्या तुरीचे पोते सगळे टाकून देतात, तेव्हा एखादा जाणता माणूस मूठभर दाणे हातावर घेतो, चोळतो आणि यातले किती वाचेल याचा अंदाज बांधतो. बंगळूरच्या अभियंत्यांनी कानपूरला जाऊन तेच केले. परदेशी जाणकारांच्या मते ही विमाने पुन्हा उडणे अशक्य होते. अभियंत्यांनी सगळ्या विमानांचा नाद धरला नाही. त्यांनी त्यांतली बरी निवडली, एकाचा पंख, दुसऱ्याचे चाक, तिसऱ्याचे इंजिन असे सुटे भाग जमवले आणि एकेक विमान उभे केले.

या कामामागे एक तांत्रिक कारण होते आणि ते चमत्काराच्या कल्पनेपेक्षा अधिक बोधप्रद आहे. लिबरेटरला चार इंजिने असतात. प्रत्येकात चौदा नळकांडी दोन ओळींत ताऱ्यासारखी मांडलेली, हवेने थंड होणारी, सुमारे १२०० अश्वशक्तीची. अमेरिकेतील प्रॅट अँड व्हिटनी कंपनीचे हे ट्विन वॅस्प घराणे. याच घराण्याचे इंजिन कॅटालिनाला होते आणि डाकोटालाही होते. म्हणजे ज्या कारागिरांनी युद्धकाळात कॅटालिना आणि त्यानंतर डाकोटा दुरुस्त केल्या, त्यांचे हात या इंजिनाला सरावलेले होते. लिबरेटर त्यांना नवे असले, तरी त्याचे हृदय ओळखीचे होते. वाळू काढण्यासाठी इंजिन पूर्ण खोलावे लागते, प्रत्येक नळकांडे धुवावे लागते, झिजलेली पोलादी वेटोळी बदलावी लागतात. भोकांवर नवा पत्रा ठेवून रिव्हेटच्या ओळी ठोकाव्या लागतात. पंखांपर्यंत गेलेल्या तारांचा ताण तपासावा लागतो आणि चाके वर-खाली करणारी तेलाची नळी गळत नाही ना, हे पाहावे लागते.

कानपूरला पुऱ्या सोयी नव्हत्या. म्हणून तेथे विमान एका फेरीपुरते उडेल एवढीच डागडुजी करायची आणि मग ते बंगळूरला आणून संपूर्ण दुरुस्ती करायची, असे ठरले. हे अंतर सरळ रेषेत सुमारे १५०० किलोमीटर. ११० फूट पंखांचे हे अजस्र धूड अर्ध्यामुर्ध्या उपकरणांनिशी आणावयाचे होते. जमशेद कैकोबाद मुन्शी हे कारखान्याचे चाचणी वैमानिक होते. त्यांनी ही जोखीम अंगावर घेतली. दुरुस्त करणाऱ्याने आपल्या कामावर सही करायची आणि दुसऱ्याने त्या सहीवर स्वतःचा प्राण ठेवायचा, असा हा विश्वासाचा व्यवहार होता. पेढीवर हुंडी वटते ती कागदाच्या बळावर नव्हे, सही करणाऱ्याच्या पतीवर वटते. येथे पत कारागिराची होती.

नोव्हेंबर १९४८ मध्ये पहिली विमाने तयार झाली आणि त्याच महिन्यात वायुदलाचे पाचवे पथक त्यांच्यावर उभे राहिले. पुढे अशी सुमारे ४० विमाने वायुदलाला मिळाली. १९५१ साली पुण्यात सहावे पथक पुन्हा उभारले गेले. त्याने लिबरेटर विमानांतून समुद्रावर टेहळणीचे काम केले. १९५७ साली पाचव्या पथकाला नवी कॅनबेरा विमाने मिळाली, तरी सहाव्या पथकाची लिबरेटर १९६८ च्या अखेरीपर्यंत चालत राहिली. वीस वर्षे! ज्या मालाची किंमत शून्य लिहिली होती, त्याने दोन दशके काम दिले.

या कारागिरीचे एक फळ तर साऱ्या जगाला मिळाले. अमेरिकेने १८ हजारांहून अधिक लिबरेटर बांधली होती, पण युद्धानंतर जवळजवळ सगळी वितळवून अॅल्युमिनियम करण्यात आले. म्हणून जेव्हा परदेशी संग्रहालयांना नमुना हवा झाला, तेव्हा त्यांना भारताकडे यावे लागले. एक विमान १९६८ साली कॅनडातील ओटावाला गेले, एक पुढच्या वर्षी अमेरिकेतील टूसॉनला, एक १९७४ साली ब्रिटिश वायुदलाच्या संग्रहालयाला. आणखी एक विमान नंतर अमेरिकेतील एका संस्थेने खरेदी करून पुन्हा उडते केले आणि १९८९ पासून पुढे अनेक वर्षे लोकांना दाखवले. ज्यांनी ही विमाने निर्माण केली आणि ज्यांनी ती निकामी केली, त्या दोन्ही देशांना आपली आठवण जपण्यासाठी बंगळूरच्या दुरुस्तीचे ऋणी व्हावे लागले. दिल्लीजवळ पालमच्या वायुदल संग्रहालयातही एक लिबरेटर आहे. सचखंड एक्स्प्रेसने दिल्लीला जाणाऱ्या नांदेडकरांना ते पाहता येईल.

अलीकडच्या काळात जीर्णोद्धाराचा दुसरा प्रकार दिसू लागला आहे. जुनी विमाने आता गरजेपोटी नव्हे, तर स्मरणासाठी उडती केली जातात. वायुदलाने यासाठी वेगळे पथक राखले आहे. त्यातले टायगर मॉथ हे कापडी पंखांचे प्रशिक्षण विमान ब्रिटनमध्ये नीट करून घेण्यात आले आणि २०१२ च्या वायुदल दिनी ते हिंडन तळावर उडाले. त्यानंतर आले डाकोटा. ज्यांच्या वडिलांनी वायुदलात डाकोटा चालवले होते, त्या राजीव चंद्रशेखर यांनी परदेशात मोडीत निघालेले एक डाकोटा स्वखर्चाने घेतले, ब्रिटनमध्ये त्याची पूर्ण दुरुस्ती करवली आणि वायुदलाला भेट दिले. एप्रिल २०१८ मध्ये ते इंग्लंडहून टप्प्याटप्प्याने, जामनगरमार्गे, स्वतःच्या पंखांवर हिंडनला पोहोचले. त्याचे नाव परशुराम आणि त्यावर क्रमांक आहे व्हीपी ९०५. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख पलटणीच्या जवानांना घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डाकोटाचा हा क्रमांक. त्याच वर्षी, फेब्रुवारीत, श्रवणबेळगोळला महामस्तकाभिषेक झाला होता. बारा वर्षांनी येणारा तो सोहळा मूर्तीला नवे काही देत नाही, लोकांच्या स्मरणाला मात्र नवा उजाळा देतो.

येथे एक प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही आणि तो टाळणे योग्य नाही. अहिंसा ज्यांचा परमधर्म, त्यांनी बॉम्बफेकी विमानाच्या दुरुस्तीचे कौतुक का करावे? मंदिराचा जीर्णोद्धार आणि युद्धयंत्राची डागडुजी एका तराजूत घालता येणार नाहीत. मंदिराच्या गाभाऱ्यात वीतराग मूर्ती असते, लिबरेटरच्या पोटात बॉम्ब ठेवण्याची जागा. श्रावकाचाराने हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत : संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. यांतील संकल्पपूर्वक केलेली हिंसा गृहस्थाने सर्वस्वी त्यागावी, असा आदेश आहे. रक्षणासाठी घडणारी विरोधी हिंसा गृहस्थाला पूर्णपणे टाळता येत नाही, हेही आचार्यांनी जाणले होते. पण टाळता येत नाही याचा अर्थ ती भूषण होते, असा नव्हे. म्हणून कौतुक करायचे ते शस्त्राचे नव्हे. टाकून दिलेल्या वस्तूत उरलेले मोल ओळखणाऱ्या दृष्टीचे, आणि काम चोख झाल्याशिवाय सही न करणाऱ्या हाताचे कौतुक करायचे. ज्या डाकोटांनी सैनिक नेले, त्यांनीच पूंछच्या वेढ्यात सापडलेल्या लोकांपर्यंत धान्य नेले आणि निर्वासितांना बाहेर काढले, हेही विसरता येत नाही.

यात्रेकरूला या प्रश्नाचे उत्तर पुढच्या मुक्कामी अधिक स्पष्ट दिसते. विंध्यगिरीवरील ५७ फुटी गोमटेश्वर ज्याने घडवून घेतला, तो चामुंडराय गंग राजांचा सेनापती होता. इसवी सन ९८१ च्या सुमारास त्याने हे कार्य सिद्धीस नेले. शस्त्राच्या धारेवर आयुष्य काढलेल्या त्या वीराने मूर्तीसाठी निवडला तो बाहुबली. भरत आणि बाहुबली यांची सैन्ये समोरासमोर उभी असताना निरपराध सैनिकांचे रक्त सांडू नये म्हणून दोघा भावांनी दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध एवढ्यावरच निर्णय ठरवला. तिन्हींत जिंकलेल्या बाहुबलीने विजयाच्या क्षणीच राज्य सोडले. सेनापतीला युद्धाची किंमत माहीत होती, म्हणूनच त्याला त्यागाची किंमत कळली.

तेव्हा पुढच्या यात्रेत वेळापत्रक आखताना बंगळूरला अर्धा दिवस राखावा. संग्रहालयात लिबरेटर नाही, पण त्याच परंपरेतून निघालेली विमाने आहेत. एचटी-२ हे तेथले लहानसे प्रशिक्षण विमान अवश्य पाहावे. डॉ. विष्णू माधव घाटगे या मराठी अभियंत्याने त्याचा आराखडा केला आणि १९५१ साली ते प्रथम उडवले ते लिबरेटर आणणाऱ्या मुन्शी यांनीच. दुसऱ्याची मोडकी विमाने जोडता जोडता तीनच वर्षांत कारखान्याने स्वतःचे विमान आकाशात नेले. मुलांना बरोबर न्यावे, त्यांना पत्र्यावरची रिव्हेटची ओळ दाखवावी आणि सोलापूरच्या वालचंदांचे नाव सांगावे. मग दुपारची गाडी धरावी. सायंकाळपर्यंत विंध्यगिरीच्या पायथ्याशी पोहोचता येते आणि सूर्यास्तापूर्वीचे भोजनही वेळेवर होते.